दाजी, तुमच्या छपरावरची हरळी

दाजी, परवा तुमच्या तेरवीला माझा कार्यक्रम पडला.

पंचवीस वर्षांत माझा कार्यक्रम कुठे पडलेला तुम्ही पाहिला आहे का? लग्न असो, बैलबाजार असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, माझ्या हातात माईक आला की माणसं जागेवरून हलत नाहीत. एका लग्नात तर नवरीच्या बापानं येऊन माझे पाय धरले होते, "वसंतराव, आता थांबा, मुहूर्त टळून राह्यला." तो मी, तुमच्या तेरवीला पडलो. लोक हसले नाहीत म्हणून नव्हे. लोक पोट धरून हसले, म्हणून पडलो.

ते शेवटी सांगतो. गोष्ट शेवटाकडून सुरू केलेली तुम्हाला चालत नसे. "भोंग्या, पहिल्यापासून लाव," म्हणायचात.

पहिल्यापासून म्हणजे तुमच्या आणि अक्काच्या लग्नापासून. मी तेव्हा नुकताच कर्णा आणि ॲम्प्लिफायर घेतला होता आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात त्याचं उद्घाटन करायचं ठरवलं होतं. कान पिळायची वेळ आली. नवरीच्या भावाचा मान तो. बाकीचे मेव्हणे हलकेच पिळतात, सदरा-टोपी घेतात, बाजूला होतात. मी एका हातानं तुमचा कान धरला, दुसऱ्या हातात माईक घेतला आणि सगळ्या मांडवाला विचारलं, "मंडळी, सोडू का आणखी थोडा पिळू?" मांडव ओरडला, "पिळा!" तुमचा कान गाजरासारखा लाल झाला. तुम्ही माईक स्वतःकडे ओढलात आणि शांतपणे म्हणालात, "पिळू द्या. भोंगा हाय मेव्हणा. जन्मभर ह्या कानानंच ऐकायचंय मला." मांडव माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त हसला. त्या दिवसापासून मी भोंगा झालो. आणि खरं सांगतो, तुम्ही माझ्यापेक्षा कमी बोलून जास्त हशा घेतलात, हे मी तेव्हाच मनात धरून ठेवलं होतं.

तुम्ही धावड्याचे. तिकडची घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपराची, आणि धाबं घालावं तर तुमच्या वडिलांनी, असं तिकडं म्हणत. अंबडच्या शिवारात तुम्ही मोसंबी लावलीत, तेव्हा बागेच्या कडेला कलमांसाठी एक खोली बांधलीत. तीन भिंती पूर्ण, उत्तरेची अर्धी, उजेडासाठी. वर पत्रा. कलम करताना खुंटावर डोळा भरायला तुमच्यासारखा हात मी कुणाचा पाहिला नाही. साल उचलायची, डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. मी एक वाक्य बोलेपर्यंत तुमची दोन रोपं व्हायची. पण उन्हाळा आला की पत्रा तापायचा आणि खालची रोपं पापडासारखी व्हायची. तुम्हाला रोपवाटिका काढायची होती. पाटीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं. अडत होतं ते छपराशी.

नव्वदच्या आसपासचा तो वैशाख. मी सहज आलो होतो, आणि तुम्ही म्हणालात, "वसंता, औंदा पत्रा काढून राह्यलो. धाबं घालतो. आन् त्याच्यावर हरळी लावतो."

"हरळी? तुम्ही लावणार? दाजी, लोक ती उपटता उपटता म्हातारे होतेत!"

"म्हणून तर. मरत न्हाई ती. उन्हात कडकडून वाळती, पाण्याचा शिपका पडला का हिरवी. छपराला असंच पाहिजे काहीतरी."

अक्का चुलीपुढून ओरडली, "अन् लोक काय म्हणतील? छपरावर गवत म्हंजी घरात माणूस उरलं न्हाई. दरसाल गवत काढायला कुणी असतं म्हणून धाबं साफ राहतं. माझं कपाळ पांढरं झालं का इचारतील!"

"इचारू दे. तू त्या छपराखाली बसून पाय पसर, मंग बोल," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही जमिनीवर काडीनं रेघा ओढून मला सगळं दाखवलंत. खाली बाभळीच्या तुळया. त्यांवर पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा थर, मग वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. त्याच्यावर वीतभर पांढरी माती, धुमसानं चोपून चोपून बसवलेली. सगळ्यात वर चार बोटं तळ्यातला गाळ आणि शेणखत, त्यात हरळी. "सारा जीव पांढरीत हाय," तुम्ही म्हणालात. "ती खारी असती. पाणी खाली जाऊ देत न्हाई, वरच्यावर उतरून जातं. हरळीची मुळी खाली आली का तिला खार लागतो, मागं फिरती."

पांढरी माती आणायचं काम माझं होतं. शहागडच्या पुढं गोदावरीच्या अंगाला जुन्या उठून गेलेल्या गावाचं टेकाड आहे, तिथली आणायची. माझ्याच गावाजवळ, म्हणून मी. तुम्ही तीन गोष्टी बजावल्यात. टेकाडावर चपला काढ, कारण खाली लोकांच्या चुली आहेत. वरचा वीतभर थर सोड. आणि भरायच्या आधी चिमूटभर जिभेवर ठेव. "खारट लागली तरच भर. दिसायला सगळ्याच माती पांढऱ्या दिसतेत."

दाजी, आता नीट ऐका. इथून पुढचं तुम्ही माझ्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन निघालो आणि चहाला म्हणून शहागडच्या रस्त्यावरच्या हॉटेलात थांबलो. ट्रकवाले बसले होते. एकानं काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं, तो हसला. झालं. दुपारभर मी त्यांना नवरदेवाच्या पळालेल्या घोडीची गोष्ट सांगितली. घोडीची चाल करून दाखवली, नवरदेवाचा बाप करून दाखवला, शेवटी घोडीचं मनोगतसुद्धा सांगितलं. ट्रॅक्टरवाला इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. उठलो तेव्हा ऊन कलत होतं. टेकाड अजून दूर. रस्त्याच्या कामासाठी खणलेला एक मोठा खड्डा अलीकडंच होता, त्यात चुनखडीची माती, पिठासारखी पांढरी. मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, "मातीला काय, मातीच." ट्रॉली भरली. चपला काढल्या नाहीत. चाखली नाही.

तुमच्या घरी आलो तर तुम्ही ओट्यावर पांघरुणात. मुदतीचा ताप आठवड्याभराचा. तशातही उठलात, ट्रॉलीपाशी आलात, चिमूट उचलून जिभेवर ठेवलीत आणि तोंड वाकडं केलंत.

"मला काही कळंना. सारंच कडू लागून राह्यलं. तू चाखली?"

"चाखली की."

"खारट हाय?"

"दाजी, जीभ जळाली माझी!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात. "बराबर. आज तुझ्या जिभेवर भरोसा."

इतकं साधं वाक्य होतं. त्यानंतर मी हजारो माणसांपुढे बोललो, टाळ्या घेतल्या, शाली घेतल्या, पण माझ्या जिभेवर असा भरवसा कुणी टाकला नाही.

धाबं झालं. ताप उतरायच्या आत तुम्ही उभं राहून घालून घेतलंत. हरळी धरली, आषाढात तर असं हिरवंगार छप्पर दिसायला लागलं की रस्त्यानं जाणारे बैलगाड्या थांबवून बघत. खाली तुमची सातशे-आठशे रोपं, गारव्यात, तरारलेली. अक्कानं खरंच खाली बसून पाय पसरले आणि काही बोलली नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "माती मी आणलीय."

मग श्रावणात तीन दिवस झड लागली. पांढरीनं पाणी अडवलं असतं. माझ्या चुनखडीनं ते पिऊन घेतलं, पीत राहिली, जड होत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मधली तुळई मोडली आणि सगळं छप्पर हरळीसकट खाली बसलं. सगळी रोपं खाली. अक्का दहा मिनिटांपूर्वी आतून फडकी घेऊन बाहेर आली होती. दहा मिनिटं, दाजी. मी लग्नात मंगलाष्टकांच्या आधी तेवढा वेळ नुसता घसा साफ करतो.

मला कळलं तेव्हा मी अंबडच्या बाजारात, बियाणांच्या दुकानाच्या पायरीवर होतो. चार-पाच जण जमले. एकानं विचारलं, "माती तूच आणल्ती ना वसंता?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा खरं बोललो असतो तर दोन दिवस शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण मला बघणारी माणसं दिसली की मला त्यांना हसवावं वाटतं, ही माझी खोड. मी म्हटलं, "अरे, मी आणली खरी, पण चाखली कुणी? दाजींनी!" आणि सुरू झालो. तापलेले दाजी उठतात. चिमूट जिभेवर ठेवतात. डोळे मिटतात. मी पाय धरून सांगतो, दाजी, ही माती गोड लागून राह्यली, टाकू नका. आणि दाजी बोट वर करून म्हणतात, बिलकुल बराबर! याच्याहून खारट माती निजामाच्या राज्यात न्हाई!

मी तुमचा आवाज काढला. तुमचं बोट वर केलं. लोक पायरीवरून खाली पडायचे राहिले. हशा आला आणि मी सुटलो. फक्त तुम्ही अडकलात, हे माझ्या ध्यानात यायला पुढचा हिवाळा उजाडावा लागला.

तुम्ही नवी रोपं भरली होतीत. हातगाडीवर लावून अंबडच्या बाजाराला आणलीत. मी तिथंच होतो, बाजारात हरवलं-सापडलं पुकारायचं काम माझ्याकडे असे. एका शेतकऱ्यानं तुमचं रोप उचललं, जोड पाहिला, मान हलवली. चांगला जाणकार माणूस होता, त्याला हात कळला होता. मग शेजारच्याला विचारलं, "कुणाची हायेत?" शेजारचा हसला. "गोड मातीवाले दाजी. ऐकली न्हाई का गोष्ट?" त्या माणसानं रोप परत ठेवलं. सावकाश ठेवलं, मोडू नये असं. "ज्याला माती कळत न्हाई त्याची कलमं नेऊन काय करू? पाच वर्षांनी फळ न्हाई लागलं मंग?"

हे सगळं माझ्यापासून दहा पावलांवर. माझ्या हातात माईक होता, दाजी. चालू होता. एक वाक्य पुरलं असतं, साऱ्या बाजारानं ऐकलं असतं. मी पाठ फिरवली आणि पुकारलं, "एक निळी पिशवी सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी."

संध्याकाळी तुम्ही गाडी तशीच भरलेली परत नेलीत. पुढच्या बाजाराला आला नाहीत. पाटी रंगवून आली होती, ती उलटी करून तुम्ही हौदावर झाकण टाकलंत. रोपं येईल त्याला देऊन टाकलीत. दोन मीही नेली. त्यातलं एक माझ्या अंगणात आहे. तुमच्या बंद पडलेल्या रोपवाटिकेची मोसंबी मी इतकी वर्षं खातोय, आणि काय सांगू, फार गोड आहेत.

गोष्ट मात्र मोठी होत गेली. मी ती लग्नात सांगितली, जत्रेत सांगितली, परगावी सांगितली. लोक फर्माईश करायचे. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तर तुम्ही समोर बसलेले असताना सांगितली. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात, डोळे पुसलेत. जेवणं झाल्यावर हात धुवायला आपण दोघंच होतो. तुम्ही तांब्या धरून म्हणालात, "वसंता, ती माती तू कुठून आणल्ती?"

"टेकाडावरून, दाजी. शहागडच्या."

"चपला काढल्या होत्या?"

"काढल्या होत्या की."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या हातावर पाणी घातलंत.

दाजी, माझ्याशी भांडायचं होतं. थोबाडीत मारायची होती. मोठे होतात, हक्क होता, कान पिळल्याची फेड राहिलीच होती.

तोपर्यंत तुम्ही छप्पर पुन्हा घातलेलं होतं, हेही माझ्या गोष्टीत कधी आलं नाही. तुम्ही आणि अक्का बैलगाडी घेऊन अंबडहून टेकाडापर्यंत गेलात, किती खेपा केल्यात कोण जाणे. ते छप्पर आजही उभं आहे. उन्हाळ्यात पिवळं पडतं, पावसाळ्यात हिरवं होतं, गणपतीत आसपासच्या बाया दूर्वा मागायला येतात आणि तुम्ही शिडी लावून काढून द्यायचात. खाली बसलं की वैशाखातही घाम येत नाही. पण खाली डोळे भरलेत ते फक्त स्वतःच्या बागेपुरते. यशस्वी छपराची गोष्ट कुणी ऐकत नाही, असं मी मनाला समजावत असे. खरं तर मीच ती कुणाला ऐकवली नाही.

तुम्ही गेलात तेही त्याच खोलीत, दुपारी, हातात चाकू आणि कलमाचा एक अर्धा बांधलेला डोळा. अक्काला वाटलं डुलकी लागली.

दहाव्याला अक्का मला खोलीपाशी घेऊन गेली. छपराकडे बघत म्हणाली, "दरसाल मिरगाच्या आधी ते कडंकडंनं गाडीभर पांढरी टाकायचे. औंदा कोण टाकील?"

"मी टाकतो," मी म्हणालो.

"तू?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "चाखून आणशील?"

ती बोलत राहिली. "छप्पर पडल्यावर त्यांनी ढिगाऱ्यातली माती जिभेवर ठेवल्ती. मला म्हणले, ही टेकाडाची न्हाई. मी म्हणलं, जाऊन सांगा बाजारात, वसंतानं खोटं बोललं म्हणून. तर म्हणले, त्याचं पोट त्याच्या जिभेवर हाय. ती खोटी ठरली तर त्याला कोण बोलावील?"

"अक्का, तू तरी..."

"मी काय? भाऊ बी माझा, नवरा बी माझाच. एकाला झाकलं का दुसरा उघडा. मी तुला झाकलं. आता ते गेले, अन् मला सारखं वाटून राह्यलं, चुकीच्या माणसाला झाकलं."

ती रडली नाही. पदरानं ओटा पुसला आणि आत गेली.

म्हणून तेरवीला मी ठरवलं होतं. पंगत उठली, पानसुपारी झाली, आणि कुणीतरी म्हणालंच, "वसंतराव, दाजींची गोड मातीची गोष्ट होऊ द्या. त्यांना बी आवडायची." बाजारातले, शिवारातले, धावड्याचे तुमचे भाऊबंद, सगळे होते. मी उभा राहिलो. हातवारे केले नाहीत, आवाज काढले नाहीत. म्हटलं, "दाजींना माती कळत होती. मला कळत नव्हती. मी हॉटेलात घोडीची गोष्ट सांगत बसलो, रस्त्याच्या खड्ड्यातून चुनखडी भरली आणि आजारी माणसाला खोटं सांगितलं. जीभ जळाली म्हणालो."

पहिल्यांदा कुणी हसलं नाही. मला वाटलं, झालं. मग मागून कुणीतरी फुसकन हसलं. "घोडीची गोष्ट सांगत बसला म्हणे!" आणि सगळा मांडव हशानं उसळला. "वा वसंतराव, आता स्वतःवर घेतली!" "नवी आणली हो, नवी!" मी हात जोडून म्हणालो, "अहो, खरं सांगतोय." ते आणखी हसले. तुमच्या धावड्याच्या चुलत्यानं डोळे पुसत माझ्या पाठीवर हात ठेवला. "गेलेल्या माणसाला असंच झाकावं, बाबा. शोभलं तुला."

बोलावणी सुरूच राहतील, दाजी. तुम्ही माझी जीभ वाचवलीत. फक्त तिच्यावरचं खरं आता कुणी घेत नाही. अक्का दारात उभी होती. हसली नाही ती एकटीच.

आज सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन निघालो. त्याच माणसाचा, तो आता म्हातारा झालाय. हॉटेलाशी त्यानं वेग कमी केला, मी पुढं चल म्हटलं. टेकाडावर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. चपला काढल्या. जमीन अशी भाजत होती की एका जागी पाय ठरेना. वरचा थर बाजूला केला, चिमूटभर माती घेतली, जिभेवर ठेवली. खारट होती, दाजी. तुम्ही सांगितल्यासारखी, बराबर.

ट्रॅक्टरवाला फावडं घेऊन उभा होता. "वसंतराव, बोला की काहीतरी. अंबडपासून गपगपच हायेत."

मी हातानंच त्याला भर म्हटलं. तोंडात माती होती, आणि ती मला थुंकायची नव्हती.